चढतं पाणी, उतरतं पाणी

सांगलीत आयर्विन पूल ओलांडताना माझी नजर आधी खाली जाते. पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. पाणी त्यांतल्या कुठल्या आकड्याला टेकलंय हे बघितल्याशिवाय पुढं जाववत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये या सवयीचं कुणाला नवल वाटत नाही, कारण तेव्हा सगळं गावच तिथं थांबलेलं असतं. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली कडेला लागतात, रेनकोटातली माणसं कठड्यावरून वाकतात, आणि ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. पण मी जानेवारीतही खाली बघतो आणि एप्रिलमध्येही. तेव्हा तळाचे आकडे उघडे पडलेले असतात, खांबाच्या पायाशी शेवाळ वाळलेलं असतं आणि वर्तमानपत्रात नदीबद्दल एक ओळही नसते. ज्याच्या हातात गळ आहे त्याला नदीची पातळी बारा महिने लागते.

आकडा कळला म्हणजे पातळी कळली असं मात्र होत नाही. चढत्या नदीत २२ फूट पाणी असतं आणि उतरत्या नदीतही २२ फूट असतं. खांबावर दोन्ही वेळा रेघ एकच, पण नदी वेगळी, तिचा रंग वेगळा, आणि तिच्यातला मासाही वेगळ्या ठिकाणी वेगळ्या मनःस्थितीत बसलेला. घाटावर भेटणारे जुने भोई म्हणूनच ‘किती फूट?’ असं क्वचित विचारतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, “चढालंय का उतरालंय?” आणि तेवढं उत्तर मिळालं की ते गांडुळांचा डबा उघडायचा की तसाच बांधून परत न्यायचा ते ठरवतात.

काठावर पोचलो की माझं पहिलं काम काडी रोवायचं. तुरीची वाळकी काडी असली तर उत्तम, नसली तर निरगुडीची. पाणी आणि चिखल जिथं भेटतात तिथंच ती उभी करायची आणि मग तिच्याकडे पाठ करून तंगूस सोडवत बसायचं, शिसं बांधायचं, गळाला आमिष लावायचं. सारखं तिच्याकडे बघत राहिलं तर काहीच दिसत नाही, पाणी जागच्या जागी हलत असल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासानं मान वळवली की काडी सगळं सांगते. ती पाण्यात उभी असेल तर नदी चढतेय. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये चार बोटं ओला चिखल दिसला तर उतरतेय. माईघाटाच्या पायऱ्यांवर काडी लागत नाही, तिथं दगडच बोलतो. उतरत्या पाण्याच्या वर दगडाला काळपट ओला पट्टा राहतो. चढत्या पाण्याला तो नसतो, पाणी थेट कोरड्या दगडाला भिडलेलं असतं. हे एकदा डोळ्यांना लागलं की पुन्हा सुटत नाही. दुसऱ्या गावच्या तलावावर गेलो तरी मी आधी दगडाचा ओलावा बघतो.

मासा हे सगळं आपल्याआधी ओळखतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, बारीक छिद्रांची एक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. बाजारात रोहू किंवा कटला हातात घेतला तर ती सहज दिसते, पण खवले काढायच्या घाईत कुणी तिच्याकडे बघत नाही. पाण्याची हालचाल, थरथर, प्रवाहाचा बदललेला रेटा त्या रेघेला जाणवतो. गढूळ पाण्यात डोळा निकामी होतो तेव्हा मासा या रेघेवर आणि वासावर चालतो. पुलाच्या खांबावर माणसांनी रंगवलेली रेघ आणि माशाच्या अंगावर जन्मापासून असलेली ही रेघ, दोन्ही एकाच नदीच्या कामाच्या आहेत, असं मला हातात जिवंत मासा धरला की हटकून वाटतं.

पाणी सावकाश चढत असलं की मासा काठाला येतो. काल कोरडं होतं ते गवत आज बुडालेलं असतं, त्यातले किडे, गांडुळं, मुंग्यांची अंडी पाण्यात आलेली असतात. जिथं परवा चप्पल काढून बसलो होतो तिथं आज मासा चरत असतो. अशा वेळी लांब गळ फेकणारा नवखा असतो आणि काठापासून दोन हातांवर टाकणारा जाणता. मृगाचा पाऊस होऊन पहिलं तांबडं पाणी आलं की रोहू-कटल्याचा नाद सोडायचा. ते दिवस वाम आणि शिंगाळ्याचे. शिंगाळ्याला मिशा असतात, तळ चाचपत तो गढुळातही आमिषापर्यंत येतो. वाम दगडांच्या फटीतून बाहेर पडते आणि रात्रीच्या अंधारात गांडुळावर तुटून पडते. पाणी एकदम उतरायला लागलं तर मात्र सगळे खोल डोहाकडे सरकतात आणि तोंड मिटून घेतात. धीमं उतरणं हे सगळ्यांत चांगलं. रोज वीतभर पाणी खाली जातंय, तांबडा रंग आधी मातकट आणि मग हिरवट होत चाललाय, उसाच्या मळीतून ओघळ परत नदीत येतायत आणि त्या ओघळांच्या तोंडाशी मासे वाट बघत उभे आहेत, असे गणपतीनंतरचे आठ-पंधरा दिवस मिळाले तर गळकऱ्याचं वर्ष सार्थकी लागतं.

मरळीचं तंत्र वेगळंच आहे. तिला वाहतं पाणी फारसं लागत नाही. केंदाळाखाली, गवताळ खळीत ती राहते आणि वर येऊन हवेतला श्वास घेते. तिची पिल्लं तांबूस-नारिंगी असतात, त्यांचा थवा पाण्यावर लुकलुकत फिरतो आणि नर-मादी खालून राखण करतात. राखणीला असलेली मरळ जवळ येणाऱ्या कशावरही झेप घेते, म्हणून तिला तेव्हा पकडणं सोपं. मी ते करत नाही. आई-बाप गेले की तो नारिंगी थवा पुढं फार काळ टिकत नाही, हे काठावर बसून पाहिलेलं आहे.

कोकणात तर चढत्या पाण्याचा एक अख्खा मोसमच असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याला चढण म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगण. पहिल्या जोरदार पावसात ओढे-वहाळ भरून वाहू लागले की नदीतले मासे उलट्या धारेनं वर निघतात, शेतांत शिरतात, भाताच्या खाचरात वीतभर पाण्यात अंडी सोडतात. रात्री बत्त्या घेऊन माणसं बाहेर पडतात, ओढ्यांच्या तोंडाशी बांबूचे सापळे लागतात, घराघरांत गाभोळीचा वास सुटतो. चिपळूणजवळच्या एका मित्राच्या घरी मी तो वास अनुभवला आहे, ते जेवणही जेवलो आहे, आणि त्या रात्रीचा आनंद खरा होता हे मला नाकारायचं नाही. पण पोटात अंडी घेऊन पाण्याच्या हाकेसरशी निघालेला मासा आणि त्याच्या वाटेवर आडवा लावलेला सापळा, यांतली बाजू निवडायची वेळ आली तर मी आता माशाची निवडतो. वर जाताना त्याला सोडावं, परतताना बघावं. जिथं निम्मा ओढा मोकळा ठेवायची गावाची रीत आहे तिथं लोकांना मासा मिळतो आणि पुढच्या वर्षी ओढ्यालाही मिळतो.

चिपळूणचा विषय निघालाच आहे तर वाशिष्ठीचं सांगायला हवं, कारण तिच्या काठचा गळकरी आणि मी एकाच धरणाकडे डोळे लावून बसलेलो असतो, तो सह्याद्रीच्या त्या अंगाला आणि मी या. कोयना धरणात १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं पुष्कळसं डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात उतरतं, वीज करतं आणि अवजल होऊन वाशिष्ठीत जातं. विजेची मागणी वाढली की वीजगृहातले संच सुरू होतात आणि खाली नदीचं पाणी चढतं. वीजनिर्मिती थांबली की उन्हाळ्यात चिपळूणला पाण्याची ओढाताण होते. त्यात समुद्राची भरती-ओहोटी खाडीतून वर येते ती वेगळीच. म्हणजे वाशिष्ठीकाठी काडी रोवून बसणाऱ्याला चंद्रही बघावा लागतो आणि मुंबई-पुण्याकडच्या घरांतले दिवे कधी लागतात तेही. उरलेलं पाणी पूर्वेला, आमच्याकडे येतं. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्युसेक सोडलं की ते कोयनेतून कराडला येतं, प्रीतिसंगमावर समोरासमोर कृष्णेला भिडतं आणि मग बहे, ताकारी, भिलवडी करत सांगलीच्या खांबाला पोचतं.

पाऊस कुठं पडतो आणि पाणी कुठं चढतं, यातलं हे अंतर गळ टाकणाऱ्याला हळूहळू अंगवळणी पडतं. सांगलीत लख्ख ऊन असतं, पोरं मैदानात क्रिकेट खेळत असतात आणि काडी मात्र पाण्यात गेलेली असते. मग कळतं की नवज्याला, महाबळेश्वरला काल रात्रभर कोसळलाय. भिलवडीचा आकडा सकाळी फूटभर वर गेला की सांगलीच्या घाटावरची चप्पल एक पायरी वर ठेवायची. काठावरचे शेतकरी तर याहून सावध असतात. गळकऱ्याच्या आधी त्यांची धावपळ सुरू होते, नदीत सोडलेल्या मोटारी काढायच्या असतात, पाइप सोडवायचे असतात, रात्री बॅटरीच्या उजेडात चार माणसं एका मोटारीला दोर लावून चिखलातून वर ओढतात. अशा वेळी गळ खाली ठेवून दोराला हात लावायचा असतो, हे काठावर बसणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

कोयनेचे दरवाजे माणसाच्या हुकमानं उघडतात. पाण्याचा हिशेब मांडून कुणीतरी ठरवतं, सायरन वाजतो, दरवाजे फूट-दोन फूट वर जातात. पंचगंगेच्या वरच्या अंगाला भोगावतीवर राधानगरी धरण आहे, राजर्षी शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव ठरल्या पातळीला भरला की पाण्याच्याच भारानं ते एकेक करून उघडतात, एकातून १४२८ क्युसेक पाणी पडतं, आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. मला या दोन धरणांची नेहमी एकत्र आठवण होते. एकाच्या खाली बसताना मी माणसाच्या निर्णयाची वाट बघतो, दुसऱ्याच्या खाली बसताना पाण्याच्या. राधानगरीचा एक दरवाजा उघडल्याची बातमी आली की कोल्हापूरचे लोक राजाराम बंधाऱ्याकडे बघू लागतात. तिथं ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका. पुढं कर्नाटकात अलमट्टीची पातळी मीटरमध्ये सांगतात, ५१९.६० मीटर म्हणजे धरण भरलं. वरती टीएमसी, वाटेत क्युसेक, आमच्याकडे फूट आणि इंच, खाली मीटर. नदी एकच असते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला वेगळ्या मापानं मोजतात, त्यामुळे एका काठच्या माणसाला दुसऱ्या काठचा आकडा पटकन उमगत नाही. पावसाळ्यात दोन राज्यांत जी तणातणी चालते तिच्यात हेही थोडं असावं असं मला वाटतं.

पाणी चढणार असल्याची काही चिन्हं आकड्याच्या आधी येतात. पंचगंगेवर केंदाळ हे त्यांतलं एक. उन्हाळाभर बंधाऱ्यांच्या मागं ते हिरव्या गालिच्यासारखं साचून राहतं, त्यावर बगळे चालतात. एखाद्या दिवशी त्याचा एक मोठा तुकडा सुटतो आणि गोल फिरत खाली निघतो, मग दुसरा, मग रांगच लागते. अजून खांबावर बोटभरही फरक नसतो, पण वर कुठंतरी पाणी ढकलू लागलेलं असतं. दुसरं चिन्ह मगरीचं. भिलवडी, औदुंबर, अंकलखोपच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्या पट्ट्यात गळ टाकणाऱ्यानं पाण्याला चिकटून बसायचं नसतं, मासा धुवायला उकिडवं बसायचं नसतं, तिन्हीसांजेला तर नाहीच. हिवाळ्यात त्या वाळूच्या उतारावर ऊन खात पडतात आणि पाणी चढू लागलं की त्यांची ठरलेली बसायची जागा बुडते. मग त्या ओढ्यात शिरतात, उसाच्या कडेला येतात. नेहमीच्या जागेवर मगर दिसली नाही की मी काडी रोवायच्या आधीच दहा पावलं मागं सरकतो. तिच्या नसण्यातून नदीची बातमी कळते, आणि ही बातमी जिवाशी संबंधित असते.

मग बरगे पडतात. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमाराला कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत फळ्यांचे बरगे घालतात आणि वाहती नदी एकेका बंधाऱ्यामागं थांबते. शेतीला, गावांना पाणी हवं, त्याशिवाय या भागाचं चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण गळकऱ्याच्या दृष्टीनं त्या दिवसापासून नदी दुसरी होते. काडी रोवावी तर दुपारपर्यंत ती जशीच्या तशी. चढणं नाही, उतरणं नाही. मासा पसरतो, सुस्तावतो, चिलापीचे घोळके काठाला दिसतात आणि पोरं कणकेच्या गोळीवर त्या काढत बसतात. जुनी माणसं तेव्हा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जातात, जिथं फळ्यांच्या फटींतून पाणी फेसाळत गळत असतं. तेवढ्या हातभर पट्ट्यात नदी अजून वाहत असते आणि मासा ते वाहणं शोधत तिथं येतो.

उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलला, या साचलेल्या पाण्याचा जीव जातो. वरून विसर्ग कमी, कडेनं उपसा चालूच, आणि गावांचं, कारखान्यांचं सांडपाणी मात्र न चुकता येत असतं. पातळ करायला पाणीच नसतं. पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. अशा एका पहाटे मी काठावर आलो तर सगळा डोह तोंडं उघडून वर आला होता. हजारो तोंडं, लहान-मोठी, पाण्याच्या पृष्ठभागाशी उघडत-मिटत होती, आणि कधी न दिसणारा शिंगाळाही त्यांत होता, ज्याला मी वर्षानुवर्षं तळाशी शोधत आलो. दुपारपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली. पोती घेऊन आलेली माणसं ते मासे गोळा करत होती आणि कुणीतरी त्यांना ओरडून सांगत होतं की खाऊ नका, विकू नका. पुढं काही दिवसांनी वरून पाणी सोडलं, आकडा फूटभर चढला आणि वास गेला. त्या वर्षी जूनपर्यंत मी गळ बाहेर काढला नाही. कृष्णाकाठानं पाहिलेली ही एकच पहाट नाही. अशा पहाटा पुन्हा पुन्हा येतात. पुराच्या आकड्याला इशारा आणि धोका अशा दोन रेघा आहेत. खालच्या बाजूलाही तशा रेघा रंगवाव्यात, इतक्या फुटांच्या खाली इशारा, त्याच्याही खाली धोका, असं मला मनापासून वाटतं. तेव्हाही पुलावर मोटारसायकली थांबल्या पाहिजेत.

चढत्या पाण्याकडे आनंदानं बघणारं एक ठिकाण मात्र आमच्याकडे आहे. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे आणि दत्ताचं मंदिर अगदी घाटावर. पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढत मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात, मध्यरात्री येतात, कारण ही वेळ नदी ठरवते. पाणी थोडं कमी पडलं तर सोहळा नाही, थोडं जास्त झालं तरी नाही, दार बुडून जातं. कधी एका पावसाळ्यात दोनदा होतो, कारण चढताना जी पातळी येते ती उतरतानाही येते. तिथले पुजारी आणि नावाडी ज्या बारकाईनं पायरीवरचं पाणी बघतात ती बारकाई मला फार जवळची वाटते. तिथून वर, सांगलीच्या खालच्या अंगाला, हरिपूरला वारणा मिळते. तिथं जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. पिढ्यान्‌पिढ्या हळद त्यांत सुरक्षित राहिली, आणि २००५ च्या पुरात पाणी त्यांत उतरलं आणि त्यांतली बहुतेक कामातून गेली. एकच पाणी वाडीच्या पादुकांवरून गेलं आणि हरिपूरच्या पेवांतही गेलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आकडा गळकऱ्याच्या नजरेनं बघूच शकलो नाही. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड, गावभाग पाण्याखाली होता. आईला आम्ही मावशीकडे वरच्या भागात नेऊन ठेवलं होतं, आणि ती फोन करून एकच विचारायची, “किती झालं रे?” आकडा सांगितला की लगेच पुढचा प्रश्न, “चढतंय अजून?” त्या दिवसांत सगळ्या शहराची भाषा ती झाली होती. तासाला दोन इंच, आता तासाला एक इंच, आता थांबलंय. गल्लीच्या तोंडाशी जिथं पाणी टेकलं होतं तिथं माणसांनी विटा ठेवल्या होत्या, भिंतींवर खडूच्या रेघा मारल्या होत्या, आणि रात्री उठून लोक बॅटरी मारून त्या विटेकडे बघत होते. मी वर्षानुवर्षं एकट्यानं केलेलं काम हजारो माणसं करत होती, आणि मला कधी वाटलं नव्हतं की ते इतक्या भीतीनं करावं लागेल. ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं गेली, ती बातमी आम्ही अशीच एका विटेजवळ उभं राहून ऐकली. त्यानंतर पाणी पहिल्यांदा बोटभर उतरलं तेव्हा वीट कोरडी पडलेली बघायला गल्लीतले सगळे जण आले. कुणी काही बोललं नाही, एका आज्जींनी विटेवर हळद-कुंकू वाहिलं.

उतरलेल्या पुराचं एक चित्र गावाबाहेरचं होतं. मळीत ऊस झोपलेला, त्यावर गाळाचा थर, आणि सखल जागांत जागोजाग पाणी अडकलेलं. त्या डबक्यांत नदीचे मासे होते. चढत्या पाण्याबरोबर ते चरायला आत आले होते आणि उतरत्या पाण्याबरोबर परत जायची वाट त्यांना सापडली नव्हती. काही मासे तळ्यांतून फुटून आलेले असावेत, कारण तिथं चिलापी फार होती. बगळे आणि खंड्या तुटून पडले होते. शेताचा मालक माझ्या ओळखीचा, वय साठीच्या पुढं, ऊस पूर्ण गेलेला. तो म्हणाला, “न्या की दादा, तुमाला आवड हाय. आमाला आता कशाचं काय.” मी म्हणालो, “मामा, घमेलं आहे का?” आम्ही दोघांनी आणि त्यांच्या नातवानं मिळून दुपारभर डबक्यातले मासे घमेल्यात भरून नदीत नेऊन सोडले. त्यातून उसाचं काही भरून निघणार नव्हतं आणि माशांचंही किती भरून निघालं कुणास ठाऊक. पण त्या माणसानं स्वतःच्या बुडालेल्या शेतात उभं राहून ते काम शेवटपर्यंत केलं, आणि मध्येच एकदा थांबून, मोठी वाम हातातून निसटताना बघून, तो हसला.

नंतर २०२१ ला पुन्हा पाणी आलं. भिंतींवर आता २००५, २०१९, २०२१ अशा रेघा एकाखाली एक, एकावर एक आहेत. नवीन माणूस गल्लीत आला की त्याला आधी त्या दाखवतात. पुलाशेजारी समांतर पूल झाला. मोबाइलवर तासातासाला पातळी कळते. मीही बघतो, घरबसल्या, अंथरुणातून. तरी काठावर गेल्यावर काडी रोवायची सुटलेली नाही, कारण मोबाइल जो आकडा सांगतो तो आयर्विनचा असतो, आणि मी बसतो तिथं, त्या वळणावर, त्या बाभळीखाली, पाणी काय करतंय हे त्याला माहीत नसतं.

आता पितृपंधरवडा चालू आहे. पाणी रोज वीतभर उतरतंय, रंग हिरवट व्हायला लागलाय. मामांच्या नातवाला गळ बांधायला शिकायचंय, गाठ त्याला दोनदा दाखवलीय पण ओढ बसली की ती सरकते. रविवारी त्याला घेऊन भिलवडीच्या वरच्या अंगाला जावं म्हणतोय, बरगे पडायच्या आत. मगरीमुळं आईची परवानगी त्याला अजून मिळायची आहे.